ओल्या पोत्याखालचा चार्जर

मित्रांनो, मी एक जुना, चार पानांचा सोलर चार्जर आहे. खरे सांगायचे तर आता तीनच पानांचा म्हणायला हवा. चौथे पान अंगावर आहे, पण त्याच्यातून काही निघत नाही. तरी मी चारच सांगतो. पडलेले दातही मोजणारी म्हातारी माणसे असतात ना, त्यांच्यातला मी.

पुस्तक उघडावे तसा मी उघडतो. माझ्या प्रत्येक पानावर एक काळीनिळी, गुळगुळीत पट्टी आहे. हातमोजे घातलेल्या एका बाईने त्या पट्ट्या जाड कापडात शिवल्या, कडेला एक खिसा लावला आणि खिशात वायर लावायची दोन तोंडे बसवली. शेजारी मोहरीच्या दाण्याएवढा हिरवा दिवा. तिने मला एका मोठ्या दिव्याखाली धरले, माझा हिरवा ठिपका लागला, ती "हं" म्हणाली आणि मी खोक्यात गेलो. जन्मभर ज्याने ऊन खायचे, त्याने पहिले दोन महिने ऊन पाहिलेही नव्हते.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावरूनच झाला. मी काहीही साठवत नाही. ऊन आले की त्याच क्षणी ते वायरीतून पुढे देतो. ऊन गेले की माझे हात रिकामे. उद्यासाठी शिल्लक टाकणे मला जमत नाही.

मला विकत घेतले ते शाळेची बस चालवणाऱ्या एका बाईंनी. स्वतःसाठी नाही, वडिलांसाठी. वडील मधपाळ होते. सत्तरी ओलांडलेले, अंगाने काटक, आणि कानांनी जवळजवळ निकामी. त्यांच्या बारा मधपेट्या होत्या. जिथे फुलोरा येईल तिथे ते त्या पेट्या टेम्पोत घालून न्यायचे आणि दोन-दोन महिने शेतातच ताडपत्रीच्या तंबूत राहायचे. सगळे त्यांना भुंगाकाका म्हणत. काम करताना ते तोंडातल्या तोंडात गुणगुणत असत, आणि आपण गुणगुणतो आहोत याचा त्यांना पत्ताच नसे.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझे खोके उघडले गेले, तेव्हा बापलेकीची जुंपलेली होती.

"बाबा, या वर्षी नका जाऊ. डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना?" मुलगी मोठ्याने म्हणाली.

"डॉक्टर कानाबद्दल बोलले. मी काय कानांवर चालत जाणार आहे?"

मुलगी हसली नाही. तिने मला त्यांच्यापुढे सरकवले. "हे घ्या. कानातली मशीनं रोज चार्ज व्हायला हवीत, फोन रोज चार्ज व्हायला हवा. तिकडे वीज नाही, म्हणून हे आणलंय. पाच वाजता माझी बस रिकामी होते. रोज पाच वाजता तुमचा फोन आला पाहिजे. एक दिवस जरी चुकला, तर मी येऊन तुम्हाला पेट्यांसकट घरी आणणार. मग पुन्हा जायचं नाव काढायचं नाही."

"पेट्यांसकट? या घरात बारा पेट्या?"

"बाबा."

"बरं, बरं. पाच वाजता."

असा मी कामाला लागलो. सूर्यफुलांचा मळा, कडेला एक कालवा आणि एका झाडाखाली तंबू. मळ्याचा मालक आठवड्यातून दोनदा फिरकायचा, बाकी दिवसभर काका, माश्या आणि मी. रोज सकाळी काका मला उघडून सातव्या पेटीशेजारच्या दगडावर पसरत, आणि बोटाच्या पेराने माझ्या पाठीवर दोनदा ठकठक करत. मला आधी हे काही कळेना. मग पाहिले, तर ते प्रत्येक पेटीवरही तशीच ठकठक करत होते.

ती त्यांची नाडीपरीक्षा होती. पेटीवर टिचकी मारली की आतल्या माश्या गुणगुणून उत्तर देतात. राणीमाशी जागेवर असेल, तर उत्तर छोटे येते आणि लगेच शांत होते. राणी मेली किंवा हरवली असेल, तर माश्या लांबलचक, रडवेला सूर धरतात आणि तो थांबता थांबत नाही. पेटी न उघडता हे ओळखणारे फार थोडे असतात. काका त्यातले एक होते, पण कान गेल्यापासून दोन वर्षे ते नुसत्या अंदाजावर काम करत होते, आणि त्या दोन वर्षांत राणीविना त्यांच्या तीन पेट्या बसल्या होत्या. हे मुलीला त्यांनी सांगितले नव्हते. मला सांगितले. माश्यांशी आणि माझ्याशी ते सगळेच बोलत.

कानातली नवी मशीने एका छोट्या डबीत राहत. दिवसा मी ती डबी भरायची, रात्री डबीने मशीने भरायची, सकाळी मशीने काकांच्या कानात. दुपारी फोनची पाळी. पहिल्या दिवशी मशीने घालून त्यांनी पहिल्या पेटीवर टिचकी मारली आणि कान टेकवून इतका वेळ तसेच वाकून राहिले की मला वाटले, कंबर धरली. मग ते सरळ झाले आणि त्यांनी डोळे पुसले. मला माझा भारी अभिमान वाटला. आता वाटतो त्याहून जास्तच, कारण तेव्हा मी नवा होतो.

पाच वाजता फोन लागायचा. पलीकडे रिकामी बस, सीटखाली गडगडणारी कुणाचीतरी पाण्याची बाटली आणि मुलीचा थकलेला आवाज.

"जेवलात?"

"जेवलो. तिसरी पेटी रुसलीय आज."

"मशीनं कानात आहेत?"

"नसती तर तुझं ऐकू आलं असतं का?"

पंधरा दिवस सगळे सुरळीत चालले. हवा थंड होती. मग एका सकाळी ऊन एकदम तापले.

आता मधपाळाचा धर्म असा, की ऊन वाढले की पेट्या झाकायच्या. आत मेण असते. ते वितळले की पोळे कोसळते, मध वाहतो, माश्या चिकटून मरतात. म्हणून काका पोती भिजवून पेट्यांवर टाकत आणि तासातासाला झारीने पाणी मारत. चाळीस वर्षे हाताला तेच वळण. उन्हात जे जे मोलाचे, त्यावर ओले पोते. बाराही पेट्यांची सोय झाली आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"अरे, तू तर काळा," ते म्हणाले. "तुला तर सगळ्यात जास्त तापत असेल."

आणि तेरावे पोते माझ्यावर आले. चांगले जाड, नीट पिळलेले, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवलेले. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत. तासातासाला माझ्यावरही झारी फिरायची आणि वरून आवाज यायचा, "बरं वाटतंय का आता?"

मित्रांनो, इतक्या मायेने कुणी कुणाचा घात केला नसेल. मला ओरडून सांगावेसे वाटे, पण माझ्याकडे बोलायला तो एक हिरवा ठिपका, आणि तोच पोत्याखाली. सकाळचे कोवळे ऊन मिळे तेवढ्यावर डबीचे पहिल्या दिवशी कसेबसे भागले. दुसऱ्या दिवशी फोन अर्धाच भरला. तिसऱ्या सकाळी मशीने कानात गेली ती मुकीच. काकांनी ती काढली, पुसली, फुंकली, पुन्हा घातली. ती बिघडली असे त्यांना वाटले. माझ्यावर त्यांचा संशयही गेला नाही, कारण माझी तर ते इतकी काळजी घेत होते.

त्याच सकाळपासून माझ्या शेजारची सातवी पेटी रडू लागली होती. लांब, चिरका, न थांबणारा सूर. पोत्याखाली मला तो सतत ऐकू येत होता. काका येऊन टिचकी मारत, कान टेकवत, आणि पुढच्या पेटीकडे जात. मला ऐकू येत होते आणि सांगता येत नव्हते. त्यांना उपाय करता आला असता आणि ऐकू येत नव्हते.

पाच वाजता त्यांनी फोन हातात घेतला. फोन काळाठिक्कर. त्यांनी बटण दाबून पाहिले, शर्टाला पुसले, उन्हात धरले. मग चालत कालव्याच्या रस्त्यापर्यंत गेले, कुणी वाटसरू भेटला तर त्याचा फोन मागावा म्हणून. अंधार पडायच्या आत एकटेच परत आले. मग फडके घेऊन एकेका पेटीचे झाकण पुसायला बसले. झाकणे स्वच्छच होती. उद्या मुलगी येणार आणि आपल्याला घेऊन जाणार, हे त्यांना कळून चुकले होते.

ती सकाळीच आली. सुट्टीचा दिवस होता. लांबच स्कूटर ठेवून ती बांधावरून पळत आली. काका पाठमोरे उभे राहून पोत्यांवर पाणी मारत होते.

"बाबा!"

काका गुणगुणत होते.

"बाबा! ओ बाबा!"

चार वेळा हाक मारली तिने. शेवटची तर दोन हात अंतरावरून. ती चौथी हाक मला अजून आठवते. तिने खांद्याला हात लावला तेव्हा ते केवढ्याने दचकले. झारी हातातून पडली. मुलीने त्यांना दोन्ही खांद्यांना धरून वरून खालपर्यंत पाहिले. धडधाकट आहेत म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच राग चढला.

"मागून कुणी आलं असतं तर? साप असता तर? रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या! बस झालं. चला घरी."

काकांना शब्द ऐकू गेले नाहीत, पण तिने तंबूकडे आणि मग रस्त्याकडे हात केला, तो कळला. हुज्जत घातली असती, तर मला बरे वाटले असते. ते मुकाट्याने गेले आणि तंबूची दोरी सोडू लागले.

मुलगी सामान गोळा करू लागली. माझ्यावरचे दगड तिने बाजूला केले, पोते उचलले आणि तिथेच थबकली. पोत्यातून पाणी गळत होते.

"हे काय आहे?"

तिच्या एका हातात पोते, दुसऱ्या हातात मी. काकांनी प्रश्न बघूनच ओळखला. "तापतं ते," ते समजुतीने म्हणाले. "काळं आहे ना. तासातासाला पाणी मारतो मी. हयगय नाही केली."

मुलगी उपड्या बादलीवर बसली. आधी ती हसली, मग हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग तिने मला उन्हात पसरले. तीन दिवसांनी पूर्ण ऊन अंगावर पडले, मित्रांनो, आणि माझा हिरवा ठिपका असा लागला की बस. काकांना बोलावून तिने माझ्यावर पोते धरले. ठिपका गेला. पोते काढले. ठिपका आला. असे तीनदा.

तिसऱ्या वेळी काका मटकन खाली बसले. "म्हणजे मीच," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बोलायचंस ना रे."

मुलीने मशीनांची डबी मला जोडली आणि डबीवर पोत्याची सावली केली. सावली हवी होती ती डबीला. दीड तास लागणार होता. दोघे बसून राहिले. दोरी अर्धी सोडलेली, तंबू एका बाजूने लोंबलेला. जायचे की राहायचे, ते अजून ठरायचे होते. मध्येच एक ढग आला, तेव्हा दोघांनी एकदम वर पाहिले. मीही पाहिले. त्या दीड तासात मी जेवढा जीव तोडून राबलो, तेवढा पुन्हा कधी राबलो नाही.

मशीने कानात गेली. काका उठून थेट पेट्यांकडे गेले. पहिली, दुसरी, तिसरी. टिचकी, कान, पुढे. सातवीपाशी वाकले ते वाकूनच राहिले.

"राणी गेलीय हिची," ते म्हणाले. "आज नाही, कालच. बाई गं, केव्हापासून रडतेय ही."

पुढचा तास मी काकांना काम करताना पाहिले. मुलीच्या हाती त्यांनी माश्यांना शांत करणारे धुराडे दिले, चौथ्या पेटीतून अंडी असलेली एक चौकट अलगद काढली आणि सातवीत सरकवली. त्या अंड्यांमधून माश्या नवी राणी वाढवतात. घाई नाही, एक माशी चिरडली नाही. ऊन उतरताना त्यांनी पुन्हा टिचकी मारली आणि मुलीला जवळ बोलावले.

"ऐक."

तिने कान टेकवला. "मला काही कळत नाही, बाबा."

"सकाळपेक्षा सूर खाली आलाय. कळेल. घाई नको."

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग उठून तंबूपाशी गेली आणि अर्धी सुटलेली दोरी पुन्हा बांधू लागली. चांगली दुहेरी गाठ मारली.

"पाच वाजता, बाबा."

"आज तर तू इथेच आहेस."

"मग उद्या पाच वाजता. आणि याच्यावर पोतं घातलंत, तर बघा."

त्यानंतर मी सहा हंगाम केले. एकही पाच चुकला नाही. फळबागेत तोडणीला येणाऱ्या बाया आपले फोन घेऊन माझ्यापुढे रांग लावत आणि "भुंगाकाकांची वही उघडली का?" असे विचारत. वही म्हणजे मी. एकदा टेम्पोत पेटीचा कोपरा लागून माझे चौथे पान गेले. कापड उसवले, तेव्हा मुलीने बसच्या सीट शिवायच्या जाड दोऱ्याने टाके घातले. ते अजून शाबूत आहेत.

मग काकांचा गुडघा मोडला. पेट्या मळ्याच्या मालकाकडे गेल्या, काका घरी आले, आणि मी कपाटात.

मला कुणी फेकले नाही. मुलीने मला मऊ टॉवेलात गुंडाळले, डांबरगोळ्या घातल्या आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले. "याला जपायचं," ती म्हणाली. दोन वर्षे मी त्या अंधारात जपला गेलो. कपाटाच्या दारातून मला घरातले बोलणे ऐकू यायचे.

"बाबा, खिडकीत नका बसू, ऊन लागेल."

"बाबा, जिन्याकडे जायचं नाही."

"बाबा, मशीनं घाला ना कानात. किती हाका मारायच्या?"

"घरात ऐकण्यासारखं आहे काय?" काका एकदा म्हणाले. मग तेही बोलायचे कमी झाले. ते गुणगुणणेही मला ऐकू येईनासे झाले.

एकदा वादळ झाले आणि तीन दिवस वीज नव्हती. बसच्या मार्गावर झाडे पडलेली, शाळेचे निरोप यायचे, आणि मुलीचा फोन बंद. तेव्हा तिला माझी आठवण झाली. गच्चीवर नेऊन तिने मला उघडले आणि नकळत माझ्या पाठीवर दोनदा ठकठक केली. पण माझा ठिपका काही लागेना. ती खाली गेली आणि घसा ताणून म्हणाली, "बाबा, याचा दिवा लागत नाहीये. बिघडला वाटतं."

काकांनी खिडकीतून उन्हाकडे पाहिले. मग म्हणाले, "पाण्याच्या टाकीची सावली पडत असेल त्याच्यावर. मला वर ने."

"चौदा पायऱ्या आहेत, बाबा."

"मग राहू दे त्याला बंद."

ती त्यांना घेऊन आली. दर तिसऱ्या पायरीवर बसत, कठडा धरत, ते वर पोहोचले. त्यांनी मला हातभर सरकवले आणि एका कडेखाली वीट दिली. ठिपका लागला. पेराने दोनदा ठकठक केली, आणि दोन वर्षांनी मला त्यांचा हात लागला.

मुलीने त्यांना खुर्ची दिली. ऊन चढू लागले, तशी ती खाली धावली आणि टॉवेल भिजवून घेऊन आली. तो त्यांच्या डोक्यावर टाकणार, तेवढ्यात काकांनी हात वर केला.

"पोतं घालू नकोस," ते म्हणाले.

ती तशीच उभी राहिली. टॉवेलातून पाणी गळत होते, तिच्या पायांवर, गच्चीवर. तिने माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. मग टॉवेल पिळला आणि दोरीवर वाळत घातला.

"आधी मशीनांची डबी लाव याला," काका म्हणाले. "फोन मागाहून."

"काही ऐकायचं आहे?"

"बघू. लावून तर ठेव."

आता रोजचा नेम झाला आहे. ऊन फिरेल तसे मला फिरवावे लागते आणि ते काम दुसऱ्या कुणाला जमत नाही, असे काकांनी ठरवले आहे. डोक्यावर टोपी असते, पण ती त्यांनी स्वतः निवडलेली. मागच्या महिन्यात मळ्याच्या मालकाने एक पेटी परत पाठवली. गच्चीच्या कोपऱ्यात ती माझ्या शेजारी आहे. मुलगी बसवरून आली की आधी तिच्यावर टिचकी मारते आणि कान टेकवते. अजून तिला सूर नीट ओळखता येत नाही. पण घाई नको.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे काहीतरी जपून ठेवलेले असेल. त्याला बाहेर काढा. धूळ ओल्या फडक्याने पुसा, पण फडके वर ठेवून जाऊ नका. मला उन्हाची भीती नाही, माझे पोटच त्यावर आहे. आणि कुणासाठी पोते भिजवायच्या आधी त्याला काय हवे ते एकदा विचारा. मला बोलता येत नाही, म्हणून माझा दिवा बघावा लागतो. माणसांना तर नुसते विचारले तरी पुरते.

नऊ वाजले वाटते. जिन्यावर काठी वाजते आहे. तिसऱ्या पायरीवर ते आता थोडे बसतील, आणि काय कोण जाणे, पण गुणगुणतही आहेत.